पट बारा, वस्ती बारा

जपानमधला तो फॉरवर्ड तुमच्याकडे कधी ना कधी येऊन गेला असेलच. होक्काइदोमधल्या एका आडबाजूच्या स्टेशनवर म्हणे एका शाळकरी मुलीसाठी रेल्वे थांबते, आणि तिचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत स्टेशन बंद करायचं नाही असं तिथल्या रेल्वेने ठरवलंय. जानेवारी २०१६ मध्ये ही गोष्ट जगभर फिरली. मीठमसाला भरपूर होता (गाडी काही एकट्या तिच्यासाठी धावत नव्हती), पण आपल्याला काय त्याचं! आपण डोळे पुसले, ‘याला म्हणतात देश’ असं लिहिलं आणि पुढे ढकललं.

आता दुसरी गोष्ट. सप्टेंबर २०२३. महाराष्ट्राच्या शिक्षण आयुक्त कार्यालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक, असे आकडे तेव्हा पुढे आले. इथे कोणासाठी रेल्वे थांबवायची नव्हती. असलेली शाळा फक्त असू द्यायची होती. पण या बातमीवर कोणाचे डोळे पाणावल्याचं ऐकिवात नाही. आपल्यासारख्या लॅपटॉपवाल्या जनतेची प्रतिक्रिया साधारण अशी: ‘बरोबरच आहे की! सहा पोरांमागे एक मास्तर? कुठल्या कंपनीला परवडेल?’

मला या वाक्याशी भांडायचंय. शनिवार आहे, वेळ आहे, चहा झालाय. तेव्हा सविस्तर भांडतो.

आधी गणित. १,८५,४६७ ला २९,७०७ ने भागलं की सव्वासहाच्या जवळपास येतं. शाळेमागे साडेबारा मुलं. भागाकार बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की या गणितात जो भाजक हवा तोच नाहीये.

समजा दोन शाळा आहेत. पहिली डांबरी रस्त्यावरच्या गावात. गावात शाळेच्या वयाची दीडशे मुलं, पण झेडपीच्या शाळेत पट बारा. बाकीची सकाळी पिवळ्या व्हॅनमध्ये कोंबून तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला जातात. दुसरी शाळा डोंगरातल्या एका पाड्यावर. पाड्यावर शाळेच्या वयाची मुलंच मुळात बारा. पट बारा.

पहिली शाळा शंभरातल्या आठांना शिकवते. दुसरी शंभरातल्या शंभरांना! पहिलीत काहीतरी चुकतंय, ते शोधायला हवं. दुसरीला खरं तर गुलाल उधळायला हवा. पण सरकारी एक्सेल शीटमध्ये दोघींच्या ओळी सारख्याच: पट १२. लाल रंग. पुढचा कॉलम: ‘समायोजन’.

आपल्यापैकी कोणी असा रिपोर्ट क्लायंटसमोर ठेवला असता तर कॉल संपायच्या आत इज्जतीचा फालुदा झाला असता. बारा. कशापैकी बारा? हा प्रश्न कोणताही शहाणा मॅनेजर पहिल्या मिनिटाला विचारतो. चौदा हजार शाळांच्या बाबतीत तो आपण का विचारला नाही?

आणि तो ‘सव्वासहा’? त्यातही एक गंमत आहे. १४,७८३ ला दोनने गुणा. २९,५६६. म्हणजे जवळजवळ बरोब्बर शाळेमागे दोन शिक्षक. हे दोन कुठून आले? १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ आलं (म्हणजे आपल्या ‘खडू-फळा मोहिमे’चं वर्ष १९८७), त्यात प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक हवेत असं ठरलं. मग २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं गेलं की साठपर्यंत मुलं असली तर दोन शिक्षक. एक मास्तर आजारी पडला, जनगणनेला गेला, निवडणुकीच्या ड्युटीला गेला, तर शाळा बंद पडू नये म्हणून दोन. आपण साध्या पिझ्झा ऑर्डर करायच्या साइटला दोन सर्व्हर ठेवतो, एक पडला तर दुसरा असावा म्हणून. त्याला आपण रिडंडन्सी म्हणतो आणि त्याची टेंडरं भरतो. पाड्यावरच्या दुसऱ्या मास्तराला मात्र ‘उधळपट्टी’! तेव्हा शिक्षकामागे सहा मुलं ही चैन नाही. कायद्याने घालून दिलेली ती किमान पातळी आहे, तिच्या खाली फक्त एकशिक्षकी शाळा उरते.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे रे, पण खर्चाचं काय? पैसे काय झाडाला लागतात? खर्चाचा हा मुद्दा फार जुना आहे. इतका जुना, की गावच्या शाळेचा इतिहास म्हणजे ‘परवडत नाही’ या एका वाक्याचा इतिहास आहे असं म्हटलं तरी चालेल. तेव्हा जरा मागे जाऊ.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याबरोबर एक जादा पट्टी वसूल व्हायची, ‘लोकल फंड’ नावाची. रुपयामागे एक आणा. त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी. म्हणजे पैसे कोण भरत होतं? कुणबी, माळी, धनगर. शाळा कुठे होत्या? बघा, हाच प्रश्न महात्मा फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला हंटर आयोगापुढच्या निवेदनात विचारला. शिक्षणाच्या नावाने गोळा केलेला पैसा त्या कामावर खर्च होत नाही, आणि इलाख्यातल्या दहापैकी जवळपास नऊ गावांत प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, असं त्यांनी मांडलं. आता गंमत बघा. फुल्यांनी शाळेचा पट सांगितला नाही. त्यांनी भाजक सांगितला! किती गावांपैकी किती गावांत शाळा. बाराव्या वर्षापर्यंत तरी शिक्षण सक्तीचं करा आणि गावच्या मास्तराला पोटापुरता पगार द्या, या मागण्याही त्याच कागदात आहेत. वरच्या शिक्षणावर खर्च करा, ते आपोआप खाली झिरपेल, हा त्या काळचा लाडका सिद्धांत. तो फुल्यांनी तिथल्या तिथे खोडून काढला. (शंभर-सव्वाशे वर्षांनी अर्थशास्त्रात तो नव्या कपड्यांत परत आला, पण ते पुन्हा कधीतरी.)

पुढे १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. बिचारं फार मवाळ विधेयक होतं. जिथे स्थानिक संस्था तयार असतील तिथेच लागू करा, एवढंच. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. कारणं? लोकांची तशी मागणी नाही, प्रांतिक सरकारं अनुकूल नाहीत, आणि हो, पैसे. गंमत म्हणजे त्याच काळात बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केलेली सक्ती १९०६ पर्यंत संस्थानभर नेली होती, आणि १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. ज्या साम्राज्याला महायुद्ध परवडलं त्याला गावची शाळा परवडली नाही, आणि नकाशावर बोटाच्या पेराएवढ्या संस्थानांना ती परवडली. म्हणजे परवडणं हे तिजोरीपेक्षा मनावर जास्त अवलंबून असतं.

ही झाली कायद्याची आणि परिषदांची गोष्ट. पण प्रत्यक्ष एका लहानशा वस्तीत शाळा कशी रुजते? त्यासाठी एकाच जागेकडे नीट बघू. मुंबईहून गुजरातच्या दिशेने समुद्राकाठाने गेलात की डहाणूच्या पुढे बोर्डी लागतं. चिकू, समुद्र आणि वीकेंडचे रिसॉर्ट यांसाठी आपल्या लोकांना माहीत असलेलं. तिथून थोडं आत कोसबादची टेकडी आहे, आणि आजूबाजूला वारल्यांचे पाडे. (वारली म्हटल्यावर आपल्याला कॉफी मगवरची चित्रं आठवतात, ती माणसं खरोखर राहतात ती ही जागा.)

साल १९४५. त्या वर्षी या भागात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. एक, वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव. गोदावरी परुळेकरांनी त्याचा वृत्तान्त ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलाय, वाचला नसेल तर वाचाच. आणि दुसरी, डिसेंबरात ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं मोठं काम करून झालेलं, नाव झालेलं. आपल्या भाषेत, करिअर सेट. पण शहरातली बालवाडी खाऊनपिऊन सुखी घरांच्या मुलांपुरतीच राहतेय हे त्यांना टोचत होतं. सोबतीला आल्या अनुताई वाघ. बालविधवा, स्वतः शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या, तेव्हा पस्तिशीच्या.

बोर्डीत बालवाडी उघडली. दलित वस्तीतली आणि पाड्यांवरची मुलं आली का? नाही आली.

इथे एक क्षण थांबा, कारण सगळा लेख या क्षणासाठी लिहिलाय. मुलं येत नाहीत असं दिसल्यावर दोन निष्कर्ष काढता येतात. एक, ‘या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही’. दोन, ‘आपली शाळा चुकीच्या जागी आहे’. पहिला निष्कर्ष फुकट असतो. दुसरा महाग पडतो, कारण मग उठून चालावं लागतं. ताराबाई आणि अनुताईंनी दुसरा काढला. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडी मुलांच्या अंगणात नेऊ. वस्तीत जायचं, अंगण झाडायचं, पोरांना आंघोळी घालायच्या, शिंपले, बिया, खडे, पानं जे हाताला लागेल त्याने शिकवायचं. माँटेसोरीची महागडी साधनं इथे परवडणारी नव्हती, तर त्यांनी साधनं बदलली. मुलं नाही बदलली!

त्या प्रयोगाचं नाव ‘अंगणवाडी’. हो, तोच शब्द. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. आज देशात लाखांनी अंगणवाड्या आहेत. त्या नावाच्या पोटात एक साधं तत्त्व आहे: चालायचं ते शाळेने.

१९५७ च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर गेलं आणि तिथे आणखी पुढची अडचण समोर आली. वारल्यांची आठ-दहा वर्षांची पोरं दिवसभर गुरं घेऊन कुरणात असत. ती शाळेत कशी येणार? मग कुरणातच शाळा! तिचं नावच ‘कुरणशाळा’. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली बसलीयेत, बाई शिकवतायत. मोठ्या मुली घरी का राहतात? धाकटं भावंड सांभाळायला. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली. ताई शिकतेय आणि बाळ शेजारी झोपलंय. याला ‘विकासवाडी’ म्हणत.

आता हे सगळं आपल्या भाषेत वाचा. मूल शाळेत येत नाही ही त्यांच्यासाठी बग रिपोर्ट होती, आणि दर वेळी त्यांनी बग मुलात नाही, शाळेत शोधली. अंतर जास्त? शाळा हलवा. वेळ जुळत नाही? वेळ बदला. धाकटं भावंड? त्यालाही घेऊन या. पुस्तकातली मराठी आणि घरातली वारली बोली वेगळी? बोलीपासून सुरुवात करा. पुढे पालघरच्याच पट्ट्यात वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी ‘भोंगाशाळा’ निघाल्या, त्या याच वळणावरच्या. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. मूल भट्टीवर गेलं, तर शाळाही भट्टीवर.

सरकारलाही हे शहाणपण कधीमधी सुचलं, उगाच खोटं कशाला बोलू. २००० च्या आसपास महाराष्ट्रात ‘वस्तीशाळा’ आल्या. जवळपास शाळा नाही अशा वाड्यावस्त्यांवर गावातलाच कोणी शिकलेला मुलगा किंवा मुलगी हजार रुपये महिना मानधनावर शिकवणार. हजार रुपये! त्या काळात आपल्यापैकी कित्येकांची पहिली नोकरी लागत होती आणि आपण सोडेक्सोची कुपनं पुरत नाहीत म्हणून कुरकुरत होतो. कोणाच्या ओसरीवर, कुठे देवळात, कुठे गोठ्याशेजारी या शाळा भरल्या. पुढे त्यांच्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या, आणि त्या शिक्षकांना सेवेत घ्यायला २०१४ उजाडलं. आज ज्या शाळांवर ‘कमी पट’ असा शिक्का बसतो, त्यांतल्या अनेक या वस्तीशाळांच्याच लेकी. म्हणजे ज्या वस्त्या लहान आहेत म्हणून तिथे मुद्दाम शाळा काढल्या, त्याच शाळा आता वस्ती लहान आहे म्हणून बंद करायच्या. वा रे वा.

आणि तो वीसचा आकडा तरी कुठून आला? शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. महाराष्ट्राचे नियम २०११ चे. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर. आणि त्यात म्हटलंय की प्राथमिक शाळा काढायची तर परिसरात सहा ते अकरा वयाची किमान वीस मुलं उपलब्ध असावीत. लक्षात येतंय का? वीस हा नवी शाळा काढण्याचा निकष आहे. जुनी बंद करण्याचा नाही. वीस माणसं जमली की नवी बस सुरू करू, असा नियम आहे म्हणून रोज बारा माणसांना नेणारी बस बंद करता येते का? पण सरकारी कागदांत उंबरठ्याचा आकडा हळूच फासाचा आकडा झाला.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. ते मूर्खांचं नाही, आणि मी त्याला टाळून पुढे जाणार नाही.

पहिलं म्हणणं: बारा मुलांच्या शाळेत खेळाला संघ होत नाही, स्पर्धा नाही, एका खोलीत चार इयत्ता. मोठ्या शाळेत लॅब, ग्रंथालय, मैदान मिळेल. पानशेतला अशी समूह शाळा उभी आहे, नंदुरबारमधल्या तोरणमाळचंही उदाहरण दिलं जातं, आणि तिथे चांगल्या सोयी मिळतात हे मला मान्य. पण एका खोलीत अनेक इयत्ता हा रोग नाहीये. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण केंद्राने बहुवर्ग शाळांसाठीच अभ्यासाची कार्डं आणि पद्धत तयार केली, ती अनेक राज्यांनी उचलली. कोसबादला तर पाळण्यातलं बाळ आणि चौथीची ताई एकाच छपराखाली होती. बहुवर्ग शाळा वाईट चालते ती तिथल्या मास्तरांना बहुवर्ग शिकवायचं प्रशिक्षण न देता पाठवल्यामुळे. आणि लॅब-ग्रंथालय हवंय ना? मग पुस्तकांची पेटी फिरवा, विज्ञानाची गाडी फिरवा, चित्रकलेचे सर आठवड्यातून एक दिवस फिरवा. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘शाळा संकुल’ सुचवलं ते हेच होतं: शाळा जागच्या जागी, साधनं सामायिक. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही हीच कल्पना पुन्हा मांडली. त्याच धोरणात २०१६-१७ साली देशात १,०८,०१७ एकशिक्षकी शाळा होत्या हा आकडाही दिलाय. खरा आजार तो आहे. प्रवास कोणीतरी करायलाच हवा हे मान्य, पण तो पेटीने आणि पगारदार माणसाने करावा, की सहा वर्षांच्या पोरीने?

दुसरं म्हणणं: बस देऊ ना! कायद्यातही दुर्गम भागासाठी वाहतुकीची तरतूद आहे. आहे, बरोबर. पण ती अपवाद म्हणून, जिथे शाळा काढणं शक्यच नाही तिथे. जिथे शाळा उभी आहे तिथे ती बंद करून मग अपवाद लागू करायचा, ही चलाखी झाली. आणि बस कुठे येणार? राजगड-तोरण्याच्या वाटा तुडवणाऱ्यांना मी काय सांगू! आपण पाठीवर सॅक घेऊन झेडपीच्या शाळेच्या व्हरांड्यात झोपलोय ना? तिथवर पोचायला एसटी कुठे सोडावी लागली, पुढे किती चालावं लागलं, आठवा. आपल्याला तो ॲडव्हेंचर होता. आता तीच वाट जुलैत, ओढा भरलेला असताना, सहा वर्षांच्या मुलीच्या पायांनी, वर्षाचे दोनशे दिवस. बस पहिल्या वर्षी वेळेवर येईल. दुसऱ्या वर्षी ड्रायव्हरचा पगार थकेल. तिसऱ्या वर्षी निधीचं शीर्षक बदलेल. शाळेची भिंत मात्र निधी थकला तरी दुसऱ्या दिवशी तिथेच असते. शिवाय गळती कोणापासून सुरू होते हे सांगायला संशोधक नकोत. आधी मुली, मग ज्यांच्या घरी धाकटं भावंड आहे ते, मग ज्याचे आईबाप दिवाळीनंतर भट्टीवर जातात तो. म्हणजे नेमकी तीच मुलं, ज्यांच्यासाठी अनुताई टेकडी चढल्या.

हा प्रयोग इतरांनी करून पाहिला नाही असंही नाही. चीनचं कौतुक आपल्या ऑफिसात रोज चालतं, म्हणून चीनचंच घ्या. २००१ पासून तिथे खेड्यातल्या छोट्या शाळा मोठ्यांत विलीन करायची मोहीम जोरात चालली. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथल्या केंद्र सरकारनेच आंधळेपणाने शाळा बंद करणं थांबवा असा आदेश काढला. लांबचा प्रवास, लहान वयात वसतिगृह, गळती, पालकांवरचा खर्च हे सगळं बघून झाल्यावर. चीनला जे दहा वर्षांनी कळलं ते आपण नव्याने शिकायचं म्हणतोय.

तिसरं म्हणणं सगळ्यांत अवघड: लोकांनाच झेडपीची शाळा नकोय, ते स्वतः पिवळ्या व्हॅनकडे जातायत. काही ठिकाणी खरं आहे. पण मी सुरुवातीला दोन शाळा वेगळ्या केल्या त्या याचसाठी. डांबरी रस्त्यावरच्या शाळेचा प्रश्न विश्वासाचा आहे, तिथे शाळा सुधारा, मास्तर भरा, इंग्रजी नीट शिकवा. पाड्यावरच्या शाळेचा प्रश्न भूगोलाचा आहे. तिथे व्हॅन येतच नाही. दोन वेगळ्या आजारांना एकच औषध, आणि औषधही कसलं, तर पेशंटला डिस्चार्ज.

समूह शाळांच्या प्रस्तावावर आरडाओरडा झाला तेव्हा ‘शाळा बंद करणार नाही’ असं सांगण्यात आलं. छान. पण शाळा बंद करायला ‘बंद’ असा आदेश लागत नाही. मास्तर निवृत्त झाला, जागा भरली नाही, दुसऱ्याची बदली झाली, की उरलेलं काम पालक स्वतःच करतात, दाखला काढून. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयावरून शिक्षक रस्त्यावर उतरले ते याच कारणाने. छोट्या पटाला मिळणारी शिक्षकांची पदं त्यात घटत होती. मास्तर आधी काढायचा, मग पट घसरतो, मग घसरलेला पट दाखवून शाळा काढायची. स्वतःच लावलेल्या आगीचा धूर पुरावा म्हणून सादर करण्यासारखं आहे हे.

बरं, यात आपण कुठे येतो? येतो. ऑफिसात डोनेशन ड्राइव्ह होतात, सीएसआरच्या टीम शाळा निवडतात, एका शनिवारी आपण टी-शर्ट घालून भिंती रंगवतो आणि फोटो टाकतो. निवडताना ‘इम्पॅक्ट’ बघतात, म्हणजे जास्त डोकी कुठे आहेत ते. पाचशे मुलांच्या शाळेत टॅब वाटले की स्लाइड चांगली दिसते, बारा मुलांच्या शाळेत वाटले की दिसत नाही. म्हणजे सरकारचं आणि आपलं एक्सेल एकच आहे, दोन्हींत भाजकाचा कॉलम नाही. पुढच्या वेळी मीटिंगमध्ये हात वर करून एवढंच विचारा: या वस्तीत एकूण मुलं किती? बाराला बारा असेल तर ती शाळा तुमच्या यादीत पहिली हवी.

आणि सरकारकडे मागणी एका ओळीची. शाळेचा पट छापाल तिथे शेजारी वस्तीतल्या मुलांची संख्याही छापा. जिथे दोन्ही आकडे सारखे, तिथे शाळेला हात लावायचा नाही, दोन शिक्षक राहणार, बास. हे करायला नवा आयोग लागत नाही, नवं सॉफ्टवेअर तर नाहीच नाही. एक कॉलम लागतो.

भाजकाचा हिशेब फुल्यांनी १८८२ साली मांडून ठेवलाय. राज्यघटनेने १९६० पर्यंत चौदा वर्षांखालच्या सगळ्यांना शिकवू म्हणून दहा वर्षांची मुदत घेतली होती, ती कधीच उलटून गेली. ‘सगळे’ हा शब्द घटनेत आहे, ‘परवडतील तेवढे’ असा शब्द नाही. पाड्यावरची बारा पोरं त्या ‘सगळ्यां’मध्येच येतात. आकडा लहान आहे हा त्यांचा गुन्हा नाही, ती राहतातच तेवढी.

असो. रागाने बरंच लांबलं. ज्यांना पटलं नसेल त्यांनी जरूर भांडावं, फक्त भांडायला येताना भाजक घेऊन या.